दर पावसाळ्यात गळणारी सरकती खिडकी : दोष शोधण्याची पद्धत आणि कामाचा क्रम

घराचे नूतनीकरण करताना जुन्या लोखंडी किंवा लाकडी खिडक्या काढून अ‍ॅल्युमिनियमच्या किंवा यूपीव्हीसीच्या (कडक प्लास्टिकच्या) सरकत्या खिडक्या बसवल्या जातात, आणि पहिल्याच जोरदार पावसात खिडकीखालच्या भिंतीवर, बहुधा एखाद्या कोपऱ्यात, ओलीचा डाग दिसू लागतो. खिडकीवाला येतो, बाहेरून सिलिकॉनची एक नळी रिकामी करतो आणि जातो. पाऊस ओसरला की भिंत वाळते, रंगारी पोपडे खरवडून पुट्टी भरतो, दिवाळीला भिंत नवी दिसते आणि पुढच्या जुलैत डाग त्याच जागी परत येतो. मुंबई, ठाणे, पुणे, नाशिक, कोकण, कुठेही विचारा, ही तक्रार इतकी सरसकट ऐकू येते की पुष्कळांनी ती पावसाळ्याचा भाग म्हणून स्वीकारली आहे. ती स्वीकारण्याची गरज नाही, कारण या गळतीची कारणे मोजकी आहेत आणि ती घरच्या घरी तपासता येतात.

माझे ठाम मत असे आहे की पाणी बहुतेक वेळा एका कारागिराचे काम संपते आणि दुसऱ्याचे सुरू होते त्या सांध्यातून आत येते. एका खिडकीला गवंडी, ग्रॅनाइटवाला, खिडकीवाला, ग्रिलवाला आणि रंगारी असे पाच जणांचे हात लागतात. प्रत्येकाचे काम आपापल्या जागी ठीक असू शकते, पण चौकट आणि ग्रॅनाइट यांच्यामधली फट कोणाची, किंवा ग्रॅनाइट आणि गिलावा यांच्यामधली रेघ कोणाची, हे कोणीच ठरवलेले नसते. म्हणूनच खिडकीवाला म्हणतो, ‘पाणी भिंतीतून येतंय, गवंड्याला बोलवा,’ गवंडी म्हणतो, ‘सिलिकॉन नीट भरलेलं नाही,’ आणि दोघेही आपल्या परीने खरे बोलत असतात.

पाणी कोठून येते ते आधी ठरवावे

दुरुस्तीला हात लावण्यापूर्वी पाण्याची वाट निश्चित करणे आवश्यक आहे, कारण डाग जिथे दिसतो तिथेच पाणी शिरते असे क्वचितच घडते. डाग खिडकीखाली, चौकटीच्या एखाद्या कोपऱ्याच्या रेषेत असेल तर पहिला संशय खालच्या ट्रॅकवर, म्हणजे पाखी (काचेची सरकती दारे) ज्यावर सरकतात त्या पट्टीवर घ्यावा. डाग बगलेला, म्हणजे खिडकीच्या उभ्या बाजूला असेल तर बाहेरचा उभा सांधा किंवा ग्रिलचे स्क्रू तपासावेत. डाग वरच्या बाजूला, लिंटेलच्या (खिडकीवरच्या तुळईच्या) खाली असेल तर खिडकीला दोष देण्याआधी छज्ज्याकडे पाहावे. एसीच्या पाइपसाठी पाडलेले भोक जवळपास असेल आणि त्याचा उतार आतल्या बाजूला असेल, तर खिडकी निर्दोष असूनही बदनाम होते. हे भोक नेहमी बाहेरच्या बाजूला उतरते असले पाहिजे.

ट्रॅकची तपासणी कोरड्या दिवशी, आतूनच करता येते, आणि माझ्या अनुभवात सर्वाधिक दोष तिथेच सापडतात. आपल्याकडच्या सरकत्या खिडकीत बहुधा तीन ट्रॅक असतात, दोन काचेच्या पाखांसाठी आणि एक मच्छरजाळीसाठी. पाऊस तिरका आला की पाणी या ट्रॅकमध्ये पडणारच, तशी रचनाच आहे. ते साचू न देता बाहेर काढण्यासाठी ट्रॅकच्या आडव्या कण्यांना आणि चौकटीच्या बाहेरच्या कडेला छिद्रे ठेवलेली असतात. एक तांब्याभर पाणी सर्वांत आतल्या ट्रॅकमध्ये ओतावे आणि बाहेर कोणाला तरी पाहायला सांगावे. मिनिटभरात पाणी बाहेरच्या छिद्रांतून वाहू लागले तर निचरा ठीक आहे. ते साचून राहिले, तर छिद्रे पाडलेलीच नाहीत, किंवा ग्रॅनाइट बसवताना सांडलेल्या सिमेंटने बुजली आहेत, किंवा ‘सगळीकडून बंद करा’ या घरमालकाच्या आग्रहामुळे खिडकीवाल्याने बाहेरून सिलिकॉन फिरवताना त्यांवरही फिरवले आहे. शेवटचा प्रकार फार आढळतो. निचऱ्याची छिद्रे म्हणजे गळतीची जागा आहे असे समजून ती बंद करणे हे मूळ रोगापेक्षा घातक ठरते.

दुसरी तपासणी याहून महत्त्वाची आहे. बाहेरची छिद्रे तात्पुरती चिकटपट्टीने बंद करावीत, ट्रॅकमध्ये अर्धा इंच पाणी भरावे, पातळीशी पेन्सिलची खूण करावी आणि अर्धा तास थांबावे. डोंबिवलीत एका नातलगांच्या घरी ही तपासणी केली तेव्हा खिडकी बसवून जेमतेम दोन वर्षे झाली होती आणि बाहेरचा सिलिकॉन निर्दोष दिसत होता. पाण्याची पातळी मात्र डोळ्यांदेखत खाली जाऊ लागली. बाहेर थेंबही नव्हता. ट्रॅकच्या तळाला चौकट ग्रॅनाइटशी जखडणाऱ्या स्क्रूच्या डोक्याभोवती बारीक बुडबुडे येत होते, आणि थोड्याच वेळात खिडकीखालचा तोच जुना डाग, वर एक थेंबही पाऊस नसताना, मधोमध गडद होऊ लागला. दर पावसाळ्यात ट्रॅकमध्ये साचलेले पाणी त्या एका स्क्रूच्या भोकातून ग्रॅनाइटच्या खालच्या मसाल्यात आणि तिथून आतल्या गिलाव्यात उतरत होते. बाहेरून कितीही सिलिकॉन भरला असता तरी त्या भोकाला त्याचा स्पर्शही झाला नसता.

स्क्रूप्रमाणेच चौकटीचे खालचे दोन कोपरेही तपासावेत. साध्या अ‍ॅल्युमिनियम चौकटीत उभा आणि आडवा भाग काटकोनात कापून स्क्रूने जोडलेले असतात आणि त्या जोडाला आतून सीलंट लावला नाही तर तो पाण्यासाठी उघडा दरवाजा ठरतो. यूपीव्हीसीच्या चौकटीचे कोपरे वितळवून जोडलेले असल्याने हा दोष तिथे सहसा येत नाही, पण तळातून मारलेल्या स्क्रूचा दोष तिथेही तसाच असतो.

याची दुरुस्ती अवघड नाही. पाखी उचलून काढावीत, ट्रॅक ब्रशने आणि व्हॅक्यूमने स्वच्छ करून पूर्ण वाळू द्यावा, तळाचा प्रत्येक स्क्रू मागे घेऊन भोकात न्यूट्रल (आंबूस वास न येणारा) सिलिकॉन भरावा, स्क्रू पुन्हा आवळून त्याच्या डोक्यावरही तो पसरावा, दोन्ही कोपरे आतून भरावेत आणि दिवसभर तसेच राहू द्यावे. नवीन खिडकी बसवत असाल तर चौकट शक्यतो बगलांतून जखडावी आणि तळाला भोक पाडणे टाळावे, असे आधीच सांगून ठेवावे.

वारा पाणी वर ढकलतो

काही घरांत ट्रॅकचा निचरा चालू असतो, स्क्रू कोरडे असतात, तरीही वादळी पावसात पाणी ट्रॅकची आतली कड ओलांडून थेट खोलीत पडते. पश्चिमेला किंवा नैर्ऋत्येला तोंड असलेल्या आणि वरच्या मजल्यांवरच्या खिडक्यांत हे विशेषतः घडते. येथे कारण वाऱ्याचा दाब आहे. ताशी ७२ किलोमीटर वेगाचा, म्हणजे सेकंदाला २० मीटर वेगाचा वारा काचेवर सुमारे २४० पास्कल दाब देतो, आणि इतका दाब पाण्याचा स्तंभ सुमारे २४ मिलिमीटर उचलून धरू शकतो. म्हणजे ट्रॅकची आतली कड यापेक्षा बुटकी असेल तर वाऱ्याच्या झोतात ट्रॅकमधले पाणी बाहेर पडण्याऐवजी छिद्रांतून उलटे आत ढकलले जाते आणि कडेवरून सांडते. वारा मंदावला की तेच पाणी निमूट बाहेर जाते, त्यामुळे कारागीर येतो तेव्हा त्याला काहीच दिसत नाही. भारतीय मानक आयएस ८७५ च्या तिसऱ्या भागात संरचनांच्या आखणीसाठी मुंबईचा मूलभूत वाऱ्याचा वेग सेकंदाला ४४ मीटर आणि पुण्याचा ३९ मीटर धरला आहे. हे आकडे कमाल झोतांचे आहेत, तरी किनाऱ्यावरच्या उंच इमारतीत खिडकीला काय सोसावे लागते याची कल्पना त्यांवरून येते.

अशा ठिकाणी खिडकी निवडतानाच पट्टीने ट्रॅकच्या आतल्या कडेची उंची मोजावी आणि दुकानात ठेवलेला नमुना हलका वाटतो म्हणून तोच घेऊ नये. बाहेरच्या छिद्रांवर झडप असलेले प्लास्टिकचे टोपण बसवावे, ज्यातून पाणी बाहेर जाते पण वारा आत शिरत नाही. पाख्यांच्या कडेची केसाळ पट्टी झिजली असेल तर ती बदलावी, आणि दोन पाखी जिथे एकमेकांत अडकतात तिथे खाली-वर रबरी अडसर आहे का ते पाहावे. समोरून समुद्राचा वारा थेट येत असेल, तर त्या एका खिडकीपुरता सरकत्या पाखांचा आग्रह सोडून बिजागरीवर उघडणारी, चारी बाजूंनी रबर दाबून बंद होणारी खिडकी घ्यावी, असे मी आवर्जून सुचवेन.

बाहेरच्या भिंतीची तपासणी करायची असेल तर पाइपने पाणी मारावे, पण खालून वर या क्रमाने. प्रथम ग्रॅनाइटच्या खालच्या सांध्यावर दहा-पंधरा मिनिटे, मग चौकटीच्या तळावर, मग बगलांवर, मग वरच्या सांध्यावर आणि अखेर छज्ज्यावर. वरून सुरुवात केली तर पाणी ओघळून सगळेच सांधे भिजवते आणि कोणता दोषी हे कळत नाही. आत एक जण वर्तमानपत्राचा कागद भिंतीला चिकटवून पाहत उभा राहिला की ओल प्रथम कुठे उमटली हे नेमके समजते. वरच्या मजल्यांवर हे काम दोरीवरच्या प्रशिक्षित माणसाकडूनच करून घ्यावे. खिडकीतून बाहेर वाकून कोणीही पाइप धरू नये.

सिलिकॉन, ग्रॅनाइट आणि छज्जा

सिलिकॉनबद्दल थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सर्वाधिक पैसा त्यावरच वाया जातो. बाजारात स्वस्त मिळणारा, लावताना व्हिनेगरसारखा आंबूस वास येणारा सिलिकॉन काचेसाठी चांगला असला तरी सिमेंटच्या गिलाव्याला आणि संगमरवराला नीट धरत नाही; काही महिन्यांत त्याची कड सुटते आणि त्या केसाएवढ्या फटीतून पाणी आत ओढले जाते. चौकट आणि भिंत यांच्या सांध्यासाठी न्यूट्रल प्रकारचा, बाहेरच्या हवामानासाठीचा सीलंट वापरावा. जुन्या सिलिकॉनवर नवा थर देऊ नये, कारण वाळलेल्या सिलिकॉनला नवा सिलिकॉन भरवशाने चिकटत नाही. जुना पूर्ण कापून काढावा, कडा स्पिरिटने पुसाव्यात आणि सांधा कोरडा झाल्यावरच नवा भरावा. फटीत आधी फोमची गोल दोरी दाबून बसवावी आणि तिच्यावर, फटीच्या रुंदीच्या साधारण निम्म्या जाडीने, सीलंट भरावा, म्हणजे तो फक्त दोन बाजूंना चिकटतो आणि चौकट हलली तरी ताणला जाऊन फाटत नाही.

चौकट हलते हे पुष्कळांना खरे वाटत नाही. तापमानात २५ अंशांचा फरक पडला तर ६ फूट लांबीची अ‍ॅल्युमिनियमची चौकट सुमारे १ मिलिमीटरने आणि यूपीव्हीसीची सुमारे ३ मिलिमीटरने वाढते किंवा आक्रसते. म्हणूनच फट पांढऱ्या सिमेंटने किंवा पुट्टीने भरली की पहिल्या उन्हाळ्यातच तिथे रेघ उमटते. फटीत फवारला जाणारा पिवळा फोमही केवळ पोकळी भरतो, त्याला पाणी अडवणारा थर मानू नये.

खिडकीखालच्या ग्रॅनाइटच्या पट्टीला बाहेरच्या बाजूला उतार हवा, फुटाला दोन सूत (पाव इंच) इतका तरी. ती बाहेरच्या भिंतीपासून इंच-दीड इंच पुढे आलेली असावी आणि पुढे आलेल्या भागाच्या खालच्या बाजूला, कडेच्या जरा आत, लांबीभर एक खाच कापलेली असावी. ही खाच नसेल तर पाणी पट्टीच्या खालच्या अंगाला चिकटून मागे भिंतीपर्यंत जाते. खाच असेल तर ते तिथेच अडून खाली ठिबकते. छज्ज्याच्या खालच्या बाजूलाही हीच खाच हवी. ग्रॅनाइटवाला दुकानातच यंत्राने ती काही मिनिटांत कापून देतो, पण सांगितल्याशिवाय देत नाही. पट्टीची दोन्ही टोके बगलेच्या गिलाव्यात थोडी आत गेलेली असावीत, नुसती टेकवलेली नसावीत. पट्टी बसवण्याआधी तिच्या खालच्या विटांवर वॉटरप्रूफिंगचे दोन हात दिले आणि ते बगलेत थोडे वर चढवले, तर वरून चुकून काही उतरलेच तरी ते आत येत नाही.

कोकणात आणि गोव्यात जांभ्याच्या भिंती असलेल्या घरांत अडचण आणखी वेगळी असते. जांभा सच्छिद्र आणि खडबडीत असल्याने सीलंटला धरायला सलग पृष्ठभागच मिळत नाही. तिथे खिडकीच्या गाळ्याभोवती, म्हणजे चौकट बसते त्या मोकळ्या जागेभोवती, आधी सिमेंट गिलाव्याची सपाट, घोटलेली पट्टी करून घ्यावी आणि चौकट त्या पट्टीशी जोडावी. जुन्या घरांची लांब पुढे आलेली कौलारू पागोळी याच कारणाने होती. नूतनीकरणात ती कापून गच्ची काढली, तर खिडकीवर पडणारा पाऊस कितीतरी वाढतो हे लक्षात घेऊन पुरेसा रुंद छज्जा बांधावा.

कारागिरांचा क्रम आणि पैसे

नूतनीकरण अजून व्हायचे असेल तर यातले बहुतेक सगळे आधीच टाळता येते, आणि त्याची गुरुकिल्ली क्रमात आहे. जुनी चौकट काढावी, फुटलेल्या कडा गवंड्याकडून दुरुस्त करून ओळंबा आणि लेव्हल लावून घ्याव्यात, किमान आठवडाभर पाणी मारून गिलावा पक्का होऊ द्यावा, मग वॉटरप्रूफिंग आणि ग्रॅनाइट करावे, आणि त्यानंतरच खिडकीवाल्याला मापासाठी बोलवावे. घाईपोटी जुनी खिडकी असतानाच माप घेतले जाते, नंतर ग्रॅनाइट बसते, गाळा एका बाजूला अर्धा इंच मोठा निघतो आणि तो अर्धा इंच सिलिकॉनने भरला जातो. तीच पुढची गळती. माप घेताना रुंदी आणि उंची प्रत्येकी तीन ठिकाणी घ्यावी आणि दोन्ही कर्ण मोजावेत. कर्णांत फरक आला तर गाळा गुण्यात (काटकोनात) नाही, आणि तो फरक चौकट वाकवून नव्हे, गिलाव्यातच काढावा लागतो. चौकट फरशी आणि पीओपीच्या कामानंतर बसवावी, म्हणजे सिमेंट ट्रॅकमध्ये पडत नाही. सीलंट उघड्या गिलाव्यावर भरावा, रंगावर नाही. रंगाचा शेवटचा हात पाण्याच्या तपासणीनंतर द्यावा.

वेळेचेही भान ठेवावे लागते. भारतीय हवामान विभागाच्या हिशेबाप्रमाणे मान्सून मुंबईत पोहोचण्याची सर्वसाधारण तारीख ११ जून आहे, आणि मे महिन्यात लग्नसराई व पेरणीपूर्व कामांसाठी कारागीर गावी जातात, तर खिडक्यांच्या कारखान्यांत गर्दी उसळते. एप्रिल संपताना जुन्या खिडक्या काढणे म्हणजे ताडपत्रीमागे पावसाळा काढण्याची तयारी करणे होय. खिडक्यांचे काम दिवाळीनंतर हाती घेऊन फेब्रुवारीपर्यंत संपवणे सर्वांत श्रेयस्कर.

कारागिरांशी बोलताना आवाज चढवून काही साधत नाही. कागदावर लिहिलेले मात्र उपयोगी पडते. कंत्राटदार एकच असेल तर ‘चौकट, ग्रॅनाइट आणि गिलावा यांच्यातील सर्व सांध्यांची जबाबदारी कंत्राटदाराची राहील’ हे एक वाक्य कामाच्या पत्रात घालावे. वेगवेगळे कारागीर असतील तर ग्रॅनाइट झाल्यावर खिडकीवाल्याला गाळा दाखवून ‘यावर मी खिडकी बसवतो’ अशी त्याची संमती व्हॉट्सअ‍ॅपवर घ्यावी, म्हणजे नंतर दोष मागच्या माणसावर ढकलता येत नाही. झाकले जाणारे प्रत्येक काम, जसे की वॉटरप्रूफिंगचे हात, स्क्रूवरचा सीलंट, फोमची दोरी, झाकण्याआधी छायाचित्रात टिपून ठेवावे. पैशांचा शेवटचा हप्ता, दहा टक्के तरी, पाइपने पाणी मारून तपासणी झाल्यानंतर द्यायचा असे सुरुवातीलाच ठरवावे. तपासणी काय असेल, किती वेळ पाणी मारले जाईल, हेही तेव्हाच सांगावे. काम करणाऱ्याला कसोटी आधी माहीत असणे हा त्याचा हक्क आहे, आणि तसे केले की तो स्वतःच अधिक काळजीने सांधे भरतो. ग्रिलवाला मात्र सर्वांच्या शेवटी येतो आणि सगळ्यांनी नीट केलेल्या ग्रॅनाइटला भोके पाडून जातो, म्हणून त्याची भोके सीलंटने भरल्याशिवाय त्याचाही हिशेब पूर्ण करू नये.

सदनिका नवी असेल आणि ताबा मिळून पाच वर्षे झालेली नसतील, तर गळणारी खिडकी स्वतःच्या खर्चाने बदलण्याची घाई करू नये. स्थावर संपदा (नियमन व विकास) अधिनियम, २०१६ च्या कलम १४(३) नुसार बांधकामातील किंवा कारागिरीतील दोष ताब्यापासून पाच वर्षांत निदर्शनास आणून दिल्यास विकासकाने तो ३० दिवसांत विनामूल्य दुरुस्त करावयाचा असतो. तक्रार लेखी, छायाचित्रांसह द्यावी. मूळ खिडकी काढून टाकल्यावर दोष कोणाचा हे सिद्ध करणे कठीण जाते. जुन्या सोसायटीत पाणी बाहेरच्या भिंतीच्या भेगेतून येत असल्याचे तपासणीत दिसले, तर राज्यातील गृहनिर्माण संस्थांच्या आदर्श उपविधींप्रमाणे बाहेरच्या भिंतींची आणि पावसाच्या गळतीची दुरुस्ती सोसायटीने करावयाच्या कामांत मोडते, तेव्हा समितीला तसे पत्र द्यावे. खिडकीचा रंग किंवा आकार बदलणार असाल तर इमारतीच्या दर्शनी भागात बदल होतो, म्हणून सोसायटीची परवानगी काम सुरू होण्यापूर्वी घ्यावी.

हे वाचताना पाऊस चालू असेल आणि भिंत आत्ताच ओली असेल, तर ओल्या सांध्यावर सिलिकॉन भरून घेऊ नये, तो धरणार नाही. ट्रॅकमधली माती काढून निचऱ्याची छिद्रे तारेने मोकळी करावीत, आतल्या ट्रॅकमध्ये टॉवेलची गुंडाळी ठेवावी, डागाच्या कडेने पेन्सिलने रेघ ओढून तारीख लिहावी आणि वाऱ्याची दिशा व पावसाचा जोर यांची नोंद ठेवावी. आतून डागावर पुट्टी किंवा ओल रोखणारा रंग मुळीच लावू नये, कारण त्यामुळे पाणी भिंतीतच कोंडते आणि क्षार फुटून गिलावा पोकळ होतो. ऑक्टोबरच्या उन्हात भिंत वाळू द्यावी, पेन्सिलच्या रेघा पाहून ओल कुठून कुठे सरकली ते समजून घ्यावे, ट्रॅकची तपासणी करावी आणि मगच कोणत्या कारागिराला फोन करायचा ते ठरवावे.